पंखा एकाच्या रानात, तार सगळ्यांच्या

बीड आणि धाराशिवच्या सीमेवरच्या माळावरच्या एका गावातून एका तरुणाने विचारलंय: "आमच्या आणि शेजारच्या चार गावांच्या शिवारात पवनचक्क्यांचा मोठा प्रकल्प येतोय. काहींनी जमिनी दिल्या, काहींनी नाही. रस्त्याचं काम अडवलं म्हणून सात जणांना पोलिसांच्या नोटिसा आल्या. गावात दोन तट पडलेत. ग्रामसभेचा ठराव करून प्रकल्प थांबवता येतो का? आणि विरोध करतो म्हणजे आम्ही विकासाच्या आड येतो का?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तोच तुम्हाला जास्त टोचतोय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. तुम्ही कुणाच्या आड येत नाही. आपल्या बांधावरून कुणी मशीन घालत असेल तर "थांब, आधी सांग" म्हणणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि विजेचं काम आहे म्हणून तो हक्क बुडत नाही. मी बारा वर्षं कंपन्यांच्या बाजूने जमिनीचं काम केलं. साताऱ्यात पाटणच्या पठारावर, धुळ्यात साक्रीकडे आणि मग इकडे मराठवाड्यात. सातबारे गोळा करायचे, वारस हुडकायचे, इसार करायचा, वाटेच्या हरकती मिटवायच्या. गेली नऊ वर्षं गावांच्या बाजूने बसतो. वाऱ्याची वीज हवी असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं. २०१३ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं, २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पाण्याचा थेंब न लागणारी वीज आपल्या माळावर तयार होत असेल तर ती नको म्हणायचं कारण नाही. ती कशी आणली जाते यावर मात्र मला खूप बोलायचं आहे.

एवढ्या वर्षांत "पंखाच नको" म्हणणारं गाव मला क्वचित भेटलं. ज्याच्या गटात पंखा बसतो तो माणूस सहसा गप्प असतो, कारण त्याचा व्यवहार झालेला असतो. ओरडतो तो शेजारचा. एका पंख्याला साधारण हेक्टरभर जमीन लागते, तेवढीच विकत घेतली जाते. पण तिथपर्यंत सत्तर-ऐंशी मीटर लांबीचं पातं घेऊन ट्रेलर जाणार, मोठी क्रेन जाणार, पायाचं चारशे-पाचशे घनमीटर काँक्रीट जाणार. त्यासाठी पाच-सहा मीटर रुंद रस्ता आणि वळणावर त्याहून कितीतरी जास्त जागा. शिवाय प्रत्येक पंख्यापासून सबस्टेशनपर्यंत ३३ केव्हीची लाईन, आणि सबस्टेशनपासून पुढे मोठ्या मनोऱ्यांची लाईन. पंखा एकाच्या रानात, रस्ता दहा जणांच्या कडेने आणि तार चाळीस जणांच्या डोक्यावरून. पैसा मात्र याच्या उलट्या क्रमाने वाटला जातो. मराठवाड्यात ज्याला "पवनचक्कीला विरोध" म्हणतात त्यातला बहुतेक विरोध या वाट्यातून आलेला असतो.

एक प्रसंग सांगतो. भूम तालुक्यातल्या एका वस्तीवर हिवाळ्यात रात्री बसलो होतो. खव्याची भट्टी पेटलेली, तीन सख्खे भाऊ, तिघांच्या बांधाला बांध. थोरल्याच्या रानात दोन खांब, मधल्याच्या रानावरून नुसत्या तारा, धाकट्याच्या कडेने रस्ता. तिघांनी आपापले कागद आणून कंदिलाजवळ ठेवले. एक शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला, एक कोऱ्या कागदावर सही घेतलेला, आणि धाकट्याकडे फक्त मोबाइलमधला फोटो. मूळ कागद एजंटाने "साहेबांची सही घेऊन आणतो" म्हणून नेला तो नेलाच. वाचता वाचता धाकट्याला कळलं की थोरल्याला आपल्या तिप्पट मिळालेत, आणि मधल्याला काहीच नाही. तो काही बोलला नाही. कढईत उलथणं फिरवत राहिला. त्याच्या वहिनीने विचारलं, "भाऊजी, दूध लागंल ना खाली." तेव्हा त्याने हात हलवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नव्या रस्त्यावर बैलगाडी आडवी लावली. कंपनीच्या रोजच्या अहवालात त्या दिवशी नोंद झाली: स्थानिकांचा प्रकल्पाला विरोध, काम बंद. असे अहवाल मीही वर्षानुवर्षं लिहिले आहेत, म्हणून सांगतो. त्या एका ओळीत तो बैलगाडीवाला का आडवा आला हे कधीच येत नाही.

आता हे सगळं आत्ताच आणि आपल्याकडेच का, तेही समजून घ्या. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाने वाढते. वारा सेकंदाला सहा मीटरऐवजी सात मीटर वाहिला तर वेग फक्त सहाव्या हिश्शाने वाढतो, पण ऊर्जा दीडपटीच्या पुढे जाते. म्हणून कंपन्या डोंगराची कड शोधतात. पूर्वीचे पंखे बुटके होते, त्यांना पाटणसारखं घाटमाथ्याचं पठार लागायचं. आता मनोरा सव्वाशे-दीडशे मीटरचा झाला, पाती लांबली, आणि बालाघाटाचा माथा म्हणजे पाटोदा, केज, वाशी, भूम, कळंब हा पट्टा परवडायला लागला. वारा खरा वाहतो आषाढ-श्रावणात. त्यामुळे बांधकाम उरकायचं दिवाळीनंतर आणि पावसाच्या आत. नेमकं तेव्हाच रानात ज्वारी आणि तूर उभी असते, आणि आपल्या गावातली निम्मी घरं कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली असतात. गावात राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. ज्यांच्या सह्या हव्यात ते पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात. फोनवर "हो" म्हणवून घेतलेल्या कितीतरी संमती मी पाहिल्यात, आणि लाज वाटते पण काही मीही घेतल्यात. माणूस एप्रिलात घरी येतो तेव्हा त्याच्या तुरीच्या तासातून मुरमाचा रस्ता गेलेला असतो आणि बोअरची पाइपलाइन डंपरखाली फुटलेली असते.

ग्रामसभेच्या ठरावाबद्दल सरळ सांगतो, कारण खोट्या आशेवर गाव लढतं आणि मग खचतं. खासगी शेतजमीन विकायला ग्रामसभेची मंजुरी लागत नाही. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा मराठवाड्यात किनवटकडचा भाग सोडला तर लागू नाही. "८० टक्के लोकांची संमती लागते" हे जे बाजारच्या दिवशी ऐकायला मिळतं, ते २०१३ च्या भूसंपादन कायद्यातलं आहे, आणि सरकार खासगी कंपनीसाठी जमीन संपादन करतं तेव्हाचं आहे. इथे सरकार संपादन करतच नाही. कंपनी, आणि बहुतेक वेळा तिच्या आधी एजंट, खरेदीखत करून घेतो. मी पाहिलेल्या कितीतरी गटांत एजंटाने स्वतः खातेदार म्हणून जमीन आधी आपल्या नावावर केली आणि नंतर चढ्या भावाने पुढे दिली. जनसुनावणीचंही तसंच. पर्यावरणाच्या परवानगीची २००६ ची जी अधिसूचना आहे तिच्या यादीत पवनऊर्जा नाही, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ साली तिला पांढऱ्या, म्हणजे सगळ्यात कमी प्रदूषणाच्या वर्गात घातलं. धुराच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. पण त्याचा परिणाम असा झाला की सिमेंट कारखान्याला किंवा मोठ्या खाणीला गावासमोर येऊन बसावं लागतं आणि शंभर पंख्यांना लागत नाही. गावाला अधिकृतपणे विचारायची एकही पायरी या वाटेवर ठेवलेली नाही. विचारायची जागाच नसेल तर माणसं रस्त्यावर येऊन सांगतात. माझ्या मते सगळ्या तंट्याचं मूळ इथे आहे, आणि हा कायदा बदलायला हवा.

तरीही ग्रामसभेच्या हातात काहीच नाही असं नाही. गायरान गावाचं आहे. जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ ला गावाच्या सामायिक जमिनींबद्दल कडक निकाल दिला, त्यामुळे गायरानातून रस्ता किंवा लाईन "तोंडी परवानगी"वर नेता येत नाही. गावनकाशा काढा आणि प्रत्येक पांदण, शिवरस्ता, ओढा त्यावर खुणा करून घ्या. ग्रामपंचायतीचा रस्ता वापरायचा तर ठराव लागतो, आणि त्या ठरावात अटी घालता येतात: किती टनाचं वाहन, दिवसातून किती वेळ, धुळीवर पाणी कोण मारणार, रस्ता पूर्ववत करण्यासाठी किती अनामत. मुरूम कुठून येतो ते तर बघाच. परवान्याशिवाय गौण खनिज उचललं की जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. रस्त्याच्या कामाला लागणारा मुरूम कुठल्यातरी पाझर तलावाच्या कडेचा निघतो, तेव्हा तहसीलदारांकडे दिलेला एक अर्ज दहा दिवसांच्या रास्ता रोकोपेक्षा जास्त काम करतो.

मराठवाड्याची आणखी एक गुंतागुंत आहे, जी पुण्या-मुंबईहून आलेल्या वकिलांना उशिरा कळते. आपला भाग निजामाच्या राज्यातला. कुळांसाठी हैदराबाद कुळवहिवाट कायदा १९५० चा, इनामांसाठी १९५४ चा वेगळा कायदा. माळावरच्या पुष्कळ जमिनी वर्ग दोनच्या (म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणाऱ्या), देवस्थानच्या, मदतमाशच्या (म्हणजे निर्वाहासाठी दिलेल्या इनामाच्या). कसणारा एक, सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, इतर हक्कात तिसऱ्याचं. पंखा बसवायला कंपनी स्वच्छ वर्ग एकची जमीन हुडकते, पण तार आणि रस्ता अशा जमिनींवरूनच जातात. मग मोबदला नावावर असलेल्याला जातो, किंवा वाद आहे म्हणून अडकून पडतो, आणि तीन पिढ्या कसणारा हातात काही न येता बघत राहतो. त्याची बैठक आधी घ्या. बहिणींचंही तेच. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा आहे. एजंट घाईघाईने "ताई, एवढी सही करा, हक्कसोड आहे" म्हणतो तेव्हा ती सही कशापोटी ते तिला कळलंच पाहिजे. आणि फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायची, नोटीस निघाली की हरकतीला १५ दिवस असतात. ते दिवस वाया घालवू नका.

आता लाईन. इथे थोडा वेळ थांबतो, कारण पोलीस बंदोबस्त बहुतेक वेळा इथेच लागतो. वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खाली सरकार एखाद्या कंपनीला १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार देऊ शकतं. ते मिळाले की जमीनमालकाच्या संमतीवाचून मनोरा उभा करता येतो, मालकाने अडवलं तर जिल्हाधिकारी परवानगी देऊ शकतात, आणि मोबदल्याचा वाद जिल्हा न्यायाधीशांपुढे जातो. म्हणून पहिला प्रश्न लेखी विचारायचा तो हा: तुम्हाला १६४ चे अधिकार दिल्याचा आदेश आहे का, असेल तर त्याची प्रत द्या. तो नसेल तर २००६ च्या परवानाधारकांच्या कामांबाबतच्या नियमांनुसार मालकाची संमती लागते, आणि मालकाने हरकत घेतली तर जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी. अनेक ठिकाणी ठेकेदाराचा सुपरवायझर "सरकारी काम आहे" एवढ्याच बळावर रानात शिरतो. "आदेश दाखवा" म्हटलं की निम्म्या वेळा तो परत जातो.

मोबदल्याबाबत केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने १५ ऑक्टोबर २०१५ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली: मनोऱ्याच्या पायाखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के, तारांखालच्या पट्ट्यासाठी जास्तीत जास्त १५ टक्के. १४ जून २०२४ ला ती बदलली. पायासाठी २०० टक्के आणि पट्ट्यासाठी ३० टक्के. पिकाची आणि झाडांची भरपाई वेगळी धरा. राज्याने यातलं काय आणि कधीपासून लागू केलं याचा शासन निर्णय जिल्हाधिकारी कार्यालयातून प्रतीसह मागून घ्या, तोंडी उत्तरावर राहू नका. मात्र ही तत्त्वं उच्चदाब वाहिन्यांसाठी, ६६ केव्ही आणि त्यावरच्या. पंख्यापासून सबस्टेशनपर्यंतच्या ३३ केव्हीच्या लाईनचा भाव ठरतो तो बोलाचालीवर. भूमच्या त्या तीन भावांना तीन भाव मिळाले ते याच फटीतून. यावर उपाय एकच, गावाने एक दरपत्रक करायचं. खांबाला इतके, तारेखालच्या गुंठ्याला इतके, रस्त्याच्या गुंठ्याला इतके, फुटलेल्या पाइपलाइनला इतके, आणि ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचं. कंपनीची माणसं आधी नाराज होतात. पण मी त्यांच्या बाजूने काम केलंय, त्यांनाही मनातून हेच हवं असतं. चाळीस जणांशी चाळीस सौदे करण्यात त्यांचाही हंगाम जातो.

घरापासूनच्या अंतराबद्दल तुमच्या गावात नक्की भांडण होईल. नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या २२ ऑक्टोबर २०१६ च्या सूचना सांगतात की आवाजाच्या कारणासाठी पंखा कुठल्याही राहत्या घराच्या ५०० मीटरच्या आत नको. सार्वजनिक रस्ता, इमारत, मोठी वीजवाहिनी यांच्यापासून मनोऱ्याची उंची अधिक पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाचा निम्मा अधिक ५ मीटर एवढं अंतर हवं. १३० मीटर उंची आणि १५० मीटर व्यास धरला तर ते २१० मीटर होतं. कागदावर हे ठीक आहे. गोची अशी की कंपनीच्या नकाशावर "घर" म्हणजे गावठाण. आपल्याकडे माणसं राहतात शेतवस्तीवर, आणि वस्ती महसुली नकाशावर नसते. माझ्या हातून गेलेल्या एका नकाशावर एक वस्ती पांढरी कोरी जागा होती. प्रत्यक्ष गेलो तर चार घरं, दोन गोठे, तुळशीवृंदावन, आणि अंगणात दोरीवर वाळत घातलेले शाळेचे कपडे. तेव्हा पाया खोदून झाला होता. त्या घरातल्या आजी मला म्हणाल्या, "आमी काय नकाशात नाय व्हय?" त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आणि पुढे मी ती बाजू सोडली त्याचं ते एक मोठं कारण आहे. म्हणून सगळ्यात आधी प्रत्येक शेतवस्तीची नोंद ग्रामपंचायतीच्या घरांच्या आकारणी नोंदवहीत, नमुना ८ ला, करून घ्या, वीजबिल जोडा, मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश घ्या आणि त्यांची यादी कंपनीला व महाऊर्जाला (राज्याच्या अपारंपरिक ऊर्जेच्या संस्थेला) पाया खोदण्याआधी पोच घेऊन द्या.

आवाज दिवसा फारसा जाणवत नाही. रात्री जमिनीलगतचा वारा पडतो, वर मात्र चालू असतो, आणि शांततेत पात्यांचा "हूं... हूं..." असा दमदार आवाज येत राहतो. राहत्या भागासाठी रात्रीची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. मोजमाप घ्यायचं तर श्रावणातल्या रात्री घ्या, मे महिन्यातल्या दुपारी नाही. सावलीचंही ऐकून घ्या. पात्याचं टोक २०० मीटरवर गेलं आणि सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर असला तर सावली अकराशे मीटरच्या पुढे पोचते. वर्षातले काही दिवस, सकाळ-संध्याकाळ काही मिनिटं, घरात उजेड-अंधार लपकत राहतो. कोणत्या घरात कोणत्या तारखांना हे होईल ते संगणकावर आधी काढता येतं. तो अहवाल मागा.

पावसाबद्दल. "पंखे ढग पळवतात" असं तुमच्याकडेही म्हणत असतील. साताऱ्यापासून धुळ्यापर्यंत मी हे ऐकलंय. हसून सोडू नका. ज्याचं सोयाबीन जुलैत वाळलं तो माणूस कारण शोधतो, आणि डोळ्यासमोर नवीन गोष्ट एकच उभी असते. पण तसं होत नाही. पावसाळी ढगांचा तळ साधारण पाऊण-एक किलोमीटरवर किंवा त्याहून वर असतो, पातं दोनशे मीटरच्या आसपास संपतं, आणि पाऊस येतो तो शेकडो किलोमीटर पसरलेल्या यंत्रणेतून. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहोत, १९७२ ला एकही पंखा नव्हता तेव्हाही पाऊस गेला होता. हा मुद्दा निवेदनात घालू नका. त्या एका ओळीमुळे बाकीची दहा खरी गाऱ्हाणी अधिकारी अंधश्रद्धा म्हणून बाजूला ठेवतो.

विहिरीचं पाणी हा मात्र वेगळा विषय आहे. पाया तीन-चार मीटरचाच असतो, त्याने बोअर आटत नाही. पण काळ्या दगडात पाणी भेगांतून चालतं, आणि सुरुंग लावून खडक फोडला किंवा ओढ्याच्या काठचा मुरूम उचलला तर उथळ विहिरींचे झरे बदलू शकतात. काम सुरू होण्याआधी जवळच्या विहिरी-बोअरची पातळी मोजून पंचनामा करा, भूजल सर्वेक्षण यंत्रणेला अर्ज द्या. आधीचं मोजमाप नसेल तर नंतरची तक्रार कितीही खरी असली तरी उभी राहत नाही. पाटोद्याकडे नायगावचं मयूर अभयारण्य आहे, येडशीला रामलिंग घाट आहे. तुमचा माळ त्यांच्या जवळ असेल तर वनखात्याला पत्र जायलाच हवं.

आता जे लिहिणं अवघड जातं ते. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. त्याआधी ६ डिसेंबरला गावाजवळच्या पवनऊर्जा प्रकल्पाच्या जागेवर सुरक्षारक्षकाला मारहाण झाली तेव्हा ते मध्ये पडले होते. दोषारोपपत्रात या खुनाचा संबंध प्रकल्पाच्या कंपनीकडे मागितलेल्या २ कोटींच्या खंडणीशी जोडलेला आहे, आणि खटला न्यायालयात आहे. त्यानंतर आपल्या भागात कुठल्याही पवनचक्कीच्या बैठकीला बसलो की ते नाव कुणी घेतलं नाही तरी खोलीत असतं. जिथे कोट्यवधींचे व्यवहार बंद दाराआड, एकेका माणसाशी, कागदाविना होतात, तिथे "मी गाव शांत ठेवतो, मला इतके द्या" म्हणणारा उभा राहतोच. मग कंपनीला खरं गाऱ्हाणं सांगणारा शेतकरी आणि खंडणीवाला यांतला फरक दिसेनासा होतो, किंवा तिला तो बघायचा नसतो, आणि पाइपलाइनची भरपाई मागणाऱ्यावर खंडणीचा गुन्हा दाखल होतो. त्यापासून वाचायचा मार्ग म्हणजे प्रत्येक मागणी लेखी, ग्रामपंचायतीच्या आवक-जावक नोंदीतून, आणि रक्कम कुणा माणसाच्या नावे नाही तर खातेदाराच्या बँक खात्यात. साइटवर एकट्याने जाऊ नका. सात जणांना आलेल्या नोटिसा कोणत्या कलमाखालच्या आहेत ते बघा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची असेल तर ती समज आहे, गुन्हा नाही. घाबरून घरात बसू नका, वकिलाकडून लेखी उत्तर द्या आणि त्यात आपली मागणी काय आहे ते लिहा.

मागायचं काय, याबद्दल माझं ठाम मत आहे. एकरकमी पैशाच्या मागे गाव लागतं आणि तिथेच फसतं. हिशेब बघा: ३ मेगावॅटचा एक पंखा वर्षभर सरासरी ३० टक्के क्षमतेने चालला तर ७८ लाख ८४ हजार युनिट होतात. युनिटला ३ रुपये धरले तरी वर्षाला सव्वादोन कोटींच्या वर. त्यातून कर्ज, व्याज, देखभाल जाते, कंपनीचा खर्च प्रचंड असतो हे मान्य. पण २५ वर्षं चालणाऱ्या या धंद्यात गावाला दर युनिटमागे काही पैसे मिळावेत ही मागणी अवाजवी नाही. जर्मनीच्या २०२१ च्या कायद्याने पंख्याभोवतीच्या अडीच किलोमीटरमधल्या गावांना युनिटमागे ०.२ सेंट देण्याची तरतूद केली आहे. डेन्मार्कमध्ये बरीच वर्षं नव्या पंख्यांचे २० टक्के भाग साडेचार किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना विकायला काढावे लागायचे. आपल्याकडे असा कायदा नाही, पण करार करायला कुणी अडवलेलं नाही. "सीएसआरमधून (कंपनीने सामाजिक कामासाठी काढायच्या पैशातून) शाळा बांधू" या आश्वासनावर मात्र जाऊ नका. बहुतेक प्रकल्प वेगळी नवी कंपनी काढून उभे राहतात, तिला पहिली काही वर्षं नफाच दिसत नाही, आणि सीएसआरचे २ टक्के नफ्यावर असतात. करार कुणाशी होतोय तेही वाचा. ठेकेदार सहा महिन्यांनी निघून जातो, त्याचा शब्द त्याच्याबरोबर जातो. सही प्रकल्पाच्या मालक कंपनीची हवी, दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला हवा, आणि २५ वर्षांनी पंखा उतरवून पायाची जागा कोण मोकळी करणार हे त्यात हवं. ग्रामपंचायतीच्या कराची आकारणी पहिल्याच वर्षी करून घ्या.

दोन तट पडलेत म्हणता, तर एक करा. ज्यांनी जमीन दिली त्यांना गद्दार म्हणणं थांबवा. मुलीचं लग्न, दवाखान्याचं देणं, बँकेची नोटीस, यातलं काहीतरी असतं म्हणून माणूस माळरान विकतो. त्यांनाच बैठकीला पुढे बसवा, कारण त्यांच्याकडे कागद आहेत, आणि कागद बघितल्याशिवाय तुमचं दरपत्रक होणार नाही. बैठक पाडव्याच्या आसपास ठेवा, ऊसतोडीची माणसं परत आल्यावर. त्याआधी महिलांची ग्रामसभा घ्या. ती कायद्यातच आहे, आणि माळावर शेळ्या नेणाऱ्या, पाणी आणणाऱ्या बायकांना कुठली पांदण बंद झाली हे पुरुषांच्या आधी माहीत असतं. तोवर गावनकाशा, शेतवस्त्यांची यादी आणि ज्याच्या त्याच्याकडच्या पावत्यांच्या झेरॉक्स एका फायलीत लावा. फाईल सरपंचांच्या घरी नको, ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा आणि एक प्रत शेजारच्या चारही गावांना द्या.